बाबांचा २००९ चा डेस्कटॉप उघडायचाय, आतला गुलाल कसा काढू?

टंकवेडी
शनिवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. नाशिकला रविवार कारंज्यावर आमचं लग्नपत्रिका आणि लेटरहेडचं दुकान. आता शटरच्या आत एक टेबल आणि टेबलामागे बाबा, वय ७४, एवढंच उरलंय. पण जुनी गिऱ्हाईकं येतात, "थोरल्याच्या वेळी होती तश्शीच पत्रिका हवी" म्हणतात, आणि बाबा २००९ साली असेंबल करून घेतलेल्या डब्यावर पेजमेकर, म्हणजे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर, उघडतात. कोअर टू ड्युओ, इंटेलचा जी-३१ चिपसेटवाला बोर्ड, एक-एक जीबीच्या दोन डीडीआर-२ रॅम, १६० जीबीची हार्डडिस्क, विंडोज एक्सपी. नेट नाही, कधीच नव्हतं.

"नवीन घ्या" म्हणणाऱ्यांना आधीच हात जोडते. मराठी फॉन्टच्या पॅकेजचं लॉक, म्हणजे किल्लीसारखा एक छोटा डबीवजा प्लग, मागच्या पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या रुंद सॉकेटला) लागतं. ते लॉक दिसलं नाही की पॅकेज उघडत नाही, आणि आजच्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. सगळ्या जुन्या पत्रिका त्याच फॉन्टात आहेत.

तक्रारी तीन. एक, दहा-पंधरा मिनिटं चालतो, पंखा गिरणीसारखा घोंघावतो आणि मग खटकन बंद. दोन, थंडी पडल्यापासून सकाळी चालू केला की कधीकधी स्क्रीन काळी आणि तीन बीप. दोनदा बंद-चालू केलं की येतो. तीन, तारीख रोज मागे जाते.

एका दुकानात नेला तर त्यांनी न उघडताच "बोर्ड गेलाय, नवा सेट घ्या" सांगितलं. मी घरी आणून बाजूचा पत्रा काढला. आत लाल! मिरवणूक दुकानासमोरून जाते, त्यामुळे पंधरा गणपतींचा गुलाल आत थरावर थर बसलाय. खालच्या कोपऱ्यात पालीची दोन रिकामी अंडी.

माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर, रंगाचा नवा ब्रश आणि दिवाळीच्या सफाईला घेतलेला ब्लोअर आहे. बाबांचं मत: चालत्या मशीनला हात लावू नये. (चालतं कुठंय, हे विचारायची सोय नाही.) कुठून सुरुवात करू?

फिकीरनॉट
शनिवार, १०:२६

पॅरलल पोर्ट! वाचूनच कानात डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्रकर्र करायला लागला. माझी मदत शून्य, पण चिवडा घेऊन बसलोय. चालू द्या.

खिळेस्क्रू
शनिवार, ११:०३

ताई, सिडकोत रिपेअरिंग करतो, एकवीस वर्षं झाली. बोर्ड गेलेला नाही. गेलेला बोर्ड दहा मिनिटं चालून मग बंद होत नाही, तो चालूच होत नाही.

दहा मिनिटांनी बंद म्हणजे प्रोसेसर तापतोय. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरवर पंख्याखाली बसवलेल्या धातूच्या ठोकळ्याच्या, पाकळ्यांमधून वारा जात नाही, इंटेलचा प्रोसेसर आधी स्वतःला हळू करतो आणि तरी तापला तर जीव वाचवायला मशीन पाडतो. तीन बीप इंटेलच्या बोर्डावर म्हणजे रॅम. थंडीत सकाळी रॅमचा कॉन्टॅक्ट धरत नाही, हे दर डिसेंबरला बघतो. तारखेचं कारण बोर्डावरचा गोल सेल, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल.

काही काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. दहा नाही, तीस काढा. विशेषतः पुढच्या बटणाकडून येणाऱ्या त्या बारीक रंगीत वायरींचा जुडगा, पॉवर, रीसेट, दोन लाइट. त्या उलटसुलट झाल्या की माणूस रडकुंडीला येतो.

आणि एक. लोक या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात. तुम्ही डबा म्हणालात, बरं वाटलं.

सातपूरकर
शनिवार, ११:४०

दुकान जुन्या वाड्यात आहे का? कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? आधी हे सांगा, मग पुढे.

टंकवेडी
शनिवार, ११:५२

वाड्यातच आहे. आणि हो, येतात. बाबा म्हणतात पावसाळ्यात जास्त येतात, म्हणून पायाखाली लाकडी पाट ठेवलाय. मला वाटायचं तो बसायच्या सवयीचा भाग आहे!

सातपूरकर
शनिवार, १२:१५

वाटलंच. वाड्यातल्या प्लगला तिसरी पिन नुसती शोभेची असते, मागे अर्थिंगची वायरच नसते. एसएमपीएसमध्ये (मशीनला वीज देणारा आतला डबा) फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो, फिल्टरसाठी. अर्थिंग असेल तर तिथली गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो म्हणून बाबा ठणठणीत आहेत, पण मॉनिटर, प्रिंटर आणि ते तुमचं लॉक चालू मशीनला जोडताना-काढताना हीच गळती पोर्टातून जाते. पोर्ट उडाला तर लॉकही गेलं समजा. पाट राहू द्या, वायरमन बोलवा.

सफाईला मशीन घरी आणा. प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. प्लग काढल्यावर पुढचं पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला चार्ज निघून जाईल. पण एसएमपीएसचा डबा कुणीही सांगितलं तरी उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि तो बंद केल्यावरही टिकू शकतो. त्याला बाहेरूनच, जाळीतून हवा मारा.

ओझरचा रिटायर
शनिवार, दुपारी १:३०

वरच्या दोन्ही प्रतिसादांना दुजोरा. मी ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सवर नोकरी केली, तिथे मनगटाला पट्टा बांधल्याशिवाय कार्डाला बोट लावू देत नसत. सध्या नाशिकची हवा कोरडी, त्यात अंगात स्वेटर. आपल्याला चटका जाणवतो तेव्हा दोन-तीन हजार व्होल्ट साठलेले असतात. मेमरीच्या चिपला त्याहून बऱ्याच कमीत इजा होते आणि ती कळतही नाही.

घरच्या घरी उपाय: सुती कपडे घाला, फरशीवर अनवाणी बसा, गालिचा-सतरंजी नको. दर दोन मिनिटांनी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. तुम्ही आणि मशीन एका पातळीवर राहिलात की झालं. व्हॅक्यूम क्लीनरची नळी आत घालू नका. प्लॅस्टिकच्या नळीतून धूळ वाहताना तिच्यावर स्थिर विद्युत तयार होते.

फिकीरनॉट
शनिवार, १:४१

काका, स्वेटर काढून अनवाणी? सकाळी इथे तोंडातून वाफ निघतेय.

खिळेस्क्रू
शनिवार, २:१०

काकांचं शास्त्र बरोबर. पण ताई, घाबरून जाऊ नका, मी पट्टा कधी बांधला नाही.

हीटसिंक कसा काढायचा ते सांगतो, कारण तुमचं खरं काम तिथेच आहे. पंख्याच्या चार कोपऱ्यांना चार प्लॅस्टिकच्या पिना असतील, प्रत्येकीच्या डोक्यावर खाच आणि बाण. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढा. काढायच्या आधी मशीन पाच मिनिटं चालवून मग प्लग काढा. हीटसिंक आणि प्रोसेसरच्या मधली जुनी पेस्ट कोमट झाली की सुटते. तरी चिकटला तर वर खेचू नका, पाटा-वरवंट्यावर वरवंटा जागच्या जागी हलवतो तसा थोडा डावी-उजवीकडे. तुमच्या बोर्डावर प्रोसेसर लोखंडी फ्रेममध्ये दाबलेला असतो, हीटसिंकबरोबर उपटून येणार नाही. त्या फ्रेमचा खटका मात्र उघडू नका. खाली ७७५ बारीक पिना आहेत, एक वाकली की माझ्यासारख्याची दिवाळी.

परत बसवताना चारही डोकी उलट फिरवून मूळ जागी आणा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन-दोन पिना एकदम दाबा. टक्‌ आवाज यायला हवा. बोर्डाच्या मागून बघा, चारही पाय बाहेर आलेत का. निम्म्या तक्रारी या एका पिनेच्या असतात.

पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. पोळीला तूप लावतात तशी फासू नका. रॅमला खोडरबर, पांढरं.

ओझरचा रिटायर
शनिवार, २:५५

खोडरबराला माझा सक्त विरोध आहे. रॅमच्या कडेवर सोन्याचा मुलामा असतो, तो मायक्रॉनच्या हिशेबात. रबर म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. मुलामा गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात तक्रार दुप्पट. वर रबराचा भुगा स्लॉटमध्ये. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. जुन्या सुती धोतराचा मऊ तुकडा ओला करा, एका दिशेने पुसा.

खिळेस्क्रू
शनिवार, ३:०२

काका, विमानाला खोडरबर चालणार नाही, मान्य. पण एकवीस वर्षांत माझ्याकडचं किती गिऱ्हाईक "रबराने रॅम गेली" म्हणून परत आलं? शून्य.

ओझरचा रिटायर
शनिवार, ३:२०

ते दुसऱ्या दुकानात गेले असतील.

फिकीरनॉट
शनिवार, ३:२१

😂 चिवडा संपला, मिसळ मागवतोय.

द्राक्षबाग
शनिवार, सायंकाळी ६:४५

निफाडहून. दिवसभर बागेत होतो, आता वाचला धागा. खोडरबर की अल्कोहोल ते तुम्ही ठरवा, आमचा शत्रू वेगळाच. भुरी रोग येऊ नये म्हणून बागेत गंधक धुरळतो. कॉम्प्युटर बागेजवळच्या खोलीत, औषधांचा हिशेब आणि एक्सपोर्टची कागदपत्रं ठेवायला. तीन हंगामांत हीटसिंकचा मधला तांब्याचा गट्टू काळाकुट्ट, आणि मागच्या पोर्टांच्या कडा पण. तांब्या-चांदीला गंधक लागला की काळं पडणारच, आजीच्या पैंजणांसारखं. ते पुसून जात नाही. खोली बदलली, उपाय तोच. तुमच्याकडे नुसता गुलाल आहे, नशीबवान आहात.

माजी डीटीपी
शनिवार, रात्री ९:१०

सगळे स्क्रूवरच बोलताय! ताई, आधी डेटा. पंधरा वर्षांची हार्डडिस्क आहे. ती बाहेर काढा, सॅटा-टू-यूएसबीची केबल मिळते, ती लावून लॅपटॉपवर सगळं कॉपी करा. हे झाल्याशिवाय ब्लोअर चालू करू नका. हार्डडिस्कवर ब्लोअर तर अजिबात नको, तिच्या झाकणावर बारीक श्वासाचं भोक असतं.

आणि नुसत्या पेजमेकरच्या फाइली कॉपी करून भागणार नाही. ते जुने फॉन्ट युनिकोड नव्हेत. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले आहेत, फॉन्ट नसेल तिथे "चि. सौ. कां." च्या जागी कचरा दिसेल. मशीन सुरू झालं की महत्त्वाच्या पत्रिकांची फॉन्टसकट पीडीएफ करून ठेवा. लॉक उद्या मेलं तरी निदान छापता येईल.

टंकवेडी
शनिवार, ९:३५

कॉपी लावलीय. ११ जीबी. बाबांचं अख्खं करिअर ११ जीबीत मावलं, हे त्यांना सांगितलं तर त्यांना वाईट वाटेना, उलट "एवढं केलं मी?" म्हणाले.

आयसोप्रोपिल मिळालं, पेस्टची ट्यूब मिळाली, सेल मिळाला. उद्या सकाळी गच्चीवर.

टंकवेडी
रविवार, दुपारी १:०५

केलं. सविस्तर लिहिते, कारण शोधताना मला मराठीत हे कुठे नीट मिळालं नव्हतं.

गच्चीवर जुनं बेडशीट अंथरलं, तोंडाला मास्क. बाबा खुर्ची टाकून उन्हात, देखरेखीला. ब्लोअर लगेच लावला नाही. आधी ब्रशने मोकळी होईल तेवढी धूळ पाडली. मग कॅबिनेट आडवं करून दुरून, झोत तिरका ठेवून ब्लोअर. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली, नाहीतर ब्लोअरने तो भलत्या वेगाने फिरतो आणि बेअरिंग खलास, हे एका जाणत्या शेजाऱ्याने वेळेवर ओरडून सांगितलं. लाल ढग उठला. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत होते. तो विषय वेगळा. मिटवलाय.

मग हीटसिंक. खिळेस्क्रू दादा, चारपैकी एक पिन आधीपासूनच अर्धी वर आलेली होती! म्हणजे एका कोपऱ्यात हीटसिंक टेकलेलाच नव्हता. किती वर्षं, कोण जाणे. पंखा हीटसिंकपासून वेगळा केला आणि खाली जे दिसलं ते मी अजून विसरत नाहीये. पाकळ्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर धुळीचा एक गोल नमदा बसलेला, पंख्याच्याच मापाचा, मधे मोटरीचा ठसा उमटलेला. नखाने कड उचलली तर दुधावरची साय निघावी तसा अख्खा सुटून आला, न फाटता. उन्हात धरला तर कडेने थर दिसत होते: राखाडी, गुलाबी, राखाडी, गुलाबी. बाबांनी हातात घेतला, चष्मा वर केला आणि थर मोजायला लागले. "हे जाड राखाडी दोन एकत्र कसे?" मग स्वतःच म्हणाले, "ती करोनाची वर्षं. मिरवणूक निघालीच नव्हती."

२०२० आणि २०२१. खरंच दोन राखाडी थर चिकटून होते, मधे रंग नाही.

जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, अल्कोहोलने पुसली. नवी तुरीच्या दाण्याएवढी. पिना टक्‌-टक्‌, मागून चार पाय मोजले. रॅम धोतराच्या तुकड्याने पुसली (ओझरचे काका, तुमचं ऐकलं), फडक्यावर काळी रेघ उमटली. स्लॉट ब्रशने साफ केला. सेल बदलला, जुन्यावर मीटर लावला तर २.१ व्होल्ट. बोर्डावरचे कपॅसिटर एकेक करून पाहिले, कुणाचं डोकं फुगलेलं नाही, बुडाशी चिकट डाग नाही.

आणि आता वाईट बातमी. सगळं जोडलं. बटण दाबलं. पंखा फिरतो, लाइट लागते, स्क्रीन काळी. बीपसुद्धा नाही. बाबा काही बोलले नाहीत, नुसते खुर्चीतून उठून खाली गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

खिळेस्क्रू
रविवार, १:११

बीप पण नाही ना? प्रोसेसरजवळ बघा, चार भोकांचा चौकोनी सॉकेट आहे. त्यात दोन पिवळ्या, दोन काळ्या वायरींचा प्लग लावलाय का?

टंकवेडी
रविवार, १:१४

एसएमपीएसच्या वायरींच्या जुडग्यात एक तसाच प्लग लोंबतोय.

खिळेस्क्रू
रविवार, १:१५

भिंतीतला प्लग काढा, मग तो लावा. मोठा २४ पिनांचा बोर्डाला आणि हा छोटा १२ व्होल्टचा फक्त प्रोसेसरला. हा नसेल तर सगळं सजूनधजून उभं असतं, नवरदेवच येत नाही.

टंकवेडी
रविवार, १:२२

आला!! स्क्रीन आली. "तारीख-वेळ सेट नाही" म्हणतोय, एफ-२ दाबून केली. हार्डवेअर मॉनिटरमध्ये प्रोसेसर ४४ डिग्री. पंख्याचा आवाज ऐकायला कान जवळ न्यावा लागतोय. आईला बाबांना बोलवायला पाठवलंय.

द्राक्षबाग
रविवार, १:४०

अभिनंदन! पापडांचं काय झालं ते पण लिहा.

टंकवेडी
रविवार, सायंकाळी ५:३०

गुलाबी पापड आम्ही विकत घेतले. भाजल्यावर कळत नाही, पण खाल्ले नाहीत.

आता नवी भानगड. एक्सपी छान सुरू होते, दोन तास झाले, बंद पडला नाही. पण फॉन्टचं पॅकेज "लॉक सापडत नाही" म्हणतंय. लॉक काढून परत लावलं (मशीन बंद करून, प्लग काढून, सातपूरकर). पिना सरळ आहेत. ब्लोअरने पोर्ट गेला का हो?

सातपूरकर
रविवार, ५:५०

ब्लोअरने पोर्ट जात नाही. जाणार असता तर झिणझिण्यांनी पंधरा वर्षांत गेला असता.

माजी डीटीपी
रविवार, ६:०५

सेल बदललात ना? सेल काढला की बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची, सगळी सेटिंगं मूळ पदावर येतात. त्यात पॅरलल पोर्टचा मोडही आला. ती लॉकं भारी नखरेल. आमच्याकडचं एक फक्त एकाच मोडमध्ये बोलायचं, दुसऱ्यात मौन. बायोसमध्ये जाऊन पोर्ट चालू आहे का आणि मोड कोणता ते बघा. ईसीपी, ईपीपी, बाय-डायरेक्शनल असे पर्याय दिसतील. एकेक करून पाहा, घाई नाही. पत्ता ३७८ हवा. पॅकेज बसवणाऱ्याने कुठेतरी टिपून ठेवलेलं असतं, वडिलांना विचारा.

टंकवेडी
रविवार, रात्री ८:४०

विचारलं. "मी काही लिहून ठेवलेलं नाही, तो मुलगा करून गेला," म्हणाले. जुन्या वह्या काढल्या, लॉकची पेटी काढली, मॅन्युअल काढलं. काही नाही.

मग पत्रा परत लावायला उचलला. आतल्या बाजूला धूळ होती म्हणून ओल्या फडक्याने पुसली, तर खाली शिसपेन्सिलीने, बाबांच्या त्या पत्रिकेतल्यासारख्या रेखीव अक्षरात: "पोर्ट ईपीपी. ३७८. बदलू नये." खाली तारीख, २००९ मधली, अक्षय्य तृतीयेच्या आसपासची.

बायोसमध्ये दुसराच मोड होता. ईपीपी केला, लॉक सापडलं, पॅकेज उघडलं. बाबांना पत्रा दाखवला तर म्हणाले, "हे अक्षर माझं नाही." माझं नाही म्हणे! त्याच "बदलू नये" वरून आमचं अख्खं लहानपण गेलंय.

ओझरचा रिटायर
रविवार, ८:५५

त्यांना नमस्कार सांगा. बरोबर जागी लिहिलं. वही हरवते, पत्रा हरवत नाही.

माजी डीटीपी
रविवार, ९:०२

पीडीएफ!! आजच. उद्यावर टाकू नका.

टंकवेडी
रविवार, ९:१०

२००९ ते २०१२ झाल्या, बाकीच्या चालू. बाबा शेजारी बसून प्रत्येक नवरा-नवरीची पुढची हकीकत सांगतायत, त्यामुळे वेग कमी आहे. वायरमन मंगळवारी येतोय. मागच्या मोकळ्या स्लॉटच्या दोन पट्ट्या गायब होत्या, पाल तिथूनच येत असणार; तिथे बारीक जाळी लावली. पुढची सफाई मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी, आणि मिरवणुकीच्या दिवशी मशीन बंद ठेवून वर चादर. बाबांना हे पटलंय असं त्यांच्या गप्प राहण्यावरून वाटतं.

गच्चीवाला
सोमवार, सकाळी ७:५०

धागा वाचून उत्साहाने मीपण काल माझा जुना एएमडीचा उघडला, २००८ चा. हीटसिंक ओढला तर प्रोसेसर त्याच्या बुडाला चिकटून बाहेर! खटका बंदच होता. आता काय?

खिळेस्क्रू
सोमवार, ८:२०

तो सल्ला इंटेलवाल्या ताईंसाठी होता, दादा. त्या काळातल्या एएमडीत पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेटमधून उपटून येतात, म्हणूनच आधी गरम करून हलवायचं. घाबरू नका. अल्कोहोलचे दोन थेंब कडेने सोडा, पंधरा मिनिटं थांबा, पिनांना हात न लावता प्रोसेसर सरकवून सोडवा. मग उजेडात आडवा धरून पिनांच्या ओळी बघा, कुठे वाकलीय का.

गच्चीवाला
सोमवार, ८:४५

कोपऱ्यातल्या तीन वाकल्यात. एक जास्तच.

खिळेस्क्रू
सोमवार, ८:५१

खटक्याची शिसपेन्सिल असते ना मुलांकडे, ०.७ ची? शिसं काढून टाका. टोकाची पोकळ नळी पिनेवर चढवा आणि अगदी हळू, एका दमात नाही, सरळ करा. जास्त वाकलेली आहे तिला हात लावू नका, ती घेऊन सिडकोत या. येताना मिसळ खाऊन या, वेळ लागेल.